जोडप्याची गादी आम्ही कापत नाही

फोम कापला की कतरण उरते. ती फेकायची नसते. पोत्यात टाकत राहायचं आणि पोतं भरलं की तिच्या उशा करायच्या. दुकानात कानावर पडलेल्या गोष्टींचंही तसंच होतं. कोणी एक वाक्य टाकून जातो, कोणी अर्धी हकिगत सांगून रिक्षा पकडायला पळतो, आणि पोतं भरत जातं.

कल्याणात पारनाक्याजवळ माझं गाद्यांचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी कापूस होता, आता फोम. शाळा मी सातवीत सोडली, पण फोम अंगठ्याने दाबून त्याची डेन्सिटी सांगतो, आणि गिऱ्हाईक गादीवर कसं टेकतं ते बघून त्याचं दुखणं ओळखतो. पहिली गोष्ट सगळ्यांना सांगतो, दुसरी मनात ठेवतो. धंदा असाच टिकतो.

आजची कतरण एकाच दुखण्याची आहे. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची आक्रोडाएवढी ग्रंथी असते. तिला सूज येते, आणि कधी कधी ती सूज, नाहीतर तिच्या आजूबाजूचा ठणका, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतो. माणूस त्याने मरत नाही. पण माझा बालमित्र अवी प्रधान, त्याचा संसार त्या आक्रोडाने मोडत आणलेला, आणि आम्ही मित्र म्हणवणारे शेजारी बसून चहा पीत होतो. त्याचीच गोष्ट सांगायचीय. पण आधी हेडमास्तरांची सांगतो, म्हणजे या दुखण्याचा स्वभाव कळेल.

*

बसायला त्रास होणाऱ्यांसाठी मी एक उशी बनवतो. गोल, जाड, मधे भोक. कित्येक वर्षं विकतोय, पण ती स्वतःसाठी घेणारा पुरुष मला भेटलेला नव्हता. कोणी सासऱ्यांसाठी नेतो, कोणी ऑफिसातल्या मित्रासाठी. एकाने तर सांगितलं, कुत्र्यासाठी हवीय.

मी विचारलं, “मोठी देऊ की लहान?”

तो म्हणाला, “माझ्या मापाची द्या.”

एके दिवशी आमच्या शाळेचे हेडमास्तर आले. रिटायर होऊनही बराच काळ झालेला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत.

“दत्ता, ती भोकाची उशी असते ना, ती एक दे. वडिलांसाठी.”

आता पंचाईत अशी, की सरांचे वडील जाऊन काही वर्षं झालेली. तेराव्याला, गेलेल्या माणसाच्या नावाने शय्यादान करतात, गादी, उशी, चादर, पलंगपोस. ते सगळं माझ्याच दुकानातून गेलेलं. गादी मी स्वतः पोचवली होती, आणि जेवूनही आलो होतो.

मी उशी काढली, धूळ झटकली, कागदात गुंडाळायला घेतली. मधेच सरांच्या लक्षात आलं असावं. छत्रीची मूठ त्यांनी दोनदा फिरवली. चेहरा मात्र वर्गातला.

म्हणाले, “शय्यादानात तेवढीच राहिली होती.”

*

दुकानात एक सोफा-कम-बेड आहे. विकायला ठेवलेला, पण कधी विकला गेला नाही, कारण संध्याकाळी त्यावर अवी आणि हरेश बसायचे.

अवी म्हणजे अविनाश प्रधान, ठाण्याला कोर्टात स्टेनो. घरात दोन पिढ्या शिकलेल्या, भाषा स्वच्छ, शर्टाच्या खिशाला पेन. हरेश कोळी खाडीकाठचा. बापाची होडी होती, याने मासळीचा टेम्पो घेतला. आवाज असा, की तो माझ्या दुकानात कुजबुजला तर समोरच्या मेडिकलवाल्याला उत्तर द्यावंसं वाटतं. तिघंही एका बाकावरचे. अवी पुढे शिकला, आम्ही दोघं त्याचं पाहून शिकायचे राहिलो.

मग अवी बसेनासा झाला. यायचा, पण उभा. सोफ्याच्या बाजूला, दोन्ही हात कमरेवर.

“बस रे.”

“दिवसभर बसूनच असतो. उभा बरा.”

हरेशने लगेच नाव ठेवलं, विठोबा. त्याला ते फार आवडलं. अवी वळणावर दिसला की हा सोफ्यावरून ओरडायचा, “आला रं आला, विटेवरचा आला. शेट, वीट आन.” टिटवाळ्याला गणपतीला आम्ही तिघं संकष्टीला रिक्षाने जायचो. अवी म्हणायला लागला, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. हरेश म्हणाला, “देव कदी रिक्षात बसतो काय? त्याला विठ्ठलवाडीला सोड, आपन टिटवाल्याला जाऊ.”

अवी हसला होता. मी अजून ते हसणं आठवतो. कमरेवरचे हात विठोबासारखे दिसत होते खरे, पण विठोबा बोटं अशी रुतवत नाही.

*

कोर्टातला किस्सा अवीनेच सांगितलेला, त्या काळात तो अजून थोडं हसवायचा.

स्टेनोचं काम म्हणजे साहेब बोलतील ते टिपायचं आणि जागचं हलायचं नाही. अवीला मात्र सारखी लघवी लागायची. जाऊन आला तरी थोडी राहिल्यासारखी वाटायची. ठाण्यात कुठलं ऑफिस कुठे हे लोक लक्षात ठेवतात, याला कुठलं स्वच्छतागृह कुठे आणि किती वाजता कुलूप लागतं हे पाठ होतं.

एकदा साक्ष ऐन रंगात आलेली. वकील साक्षीदाराला घोळात घेत होते, आणि अवी उठून उभा राहिला.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “काय झालं, प्रधान?”

“सर, पेन आणतो.”

“टायपिंग कॉम्प्युटरवर करताय ना?”

अवी म्हणतो, त्या वेळी शिक्षा सुनावली असती तरी चाललं असतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, वकिलांकडे बघितलं, आणि हळूच खुर्ची मागे सरकवली.

“कोर्ट दहा मिनिटं उठेल. मलाही पेन हवंय.”

आम्ही पोट धरून हसलो. साहेबही त्याच वाटेचे, असं म्हणून अवीची पाठ थोपटली. त्याला घरी काय सांगितलंस, डॉक्टरला काय दाखवलंस, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. किस्सा एवढा चांगला होता की त्याच्या पलीकडे बघायचं सुचलं नाही.

*

माझ्या दुकानाचा एक नियम आहे, वडिलांपासूनचा. जोडप्याची गादी आम्ही कापत नाही. नवी देऊ, जुनी घेऊ, दोन सिंगल बनवून देऊ. पण नवरा-बायको ज्यावर झोपले ती मधून कापायची नाही. का, ते वडिलांनी सांगितलं नाही.

अवीच्या लग्नात मी गादी दिलेली. सहा बाय सहाची, त्या वेळी माझ्याकडे होता तो सगळ्यात चांगला फोम. एक दिवस सुनंदावहिनी, अवीची बायको, तीच गादी छोट्या टेम्पोत घालून दुकानात आल्या.

“भाऊजी, ही मधून कापून द्या.”

“का हो वहिनी?”

“रेवाची बारावी आहे. पहाटे उठते अभ्यासाला. मी तिच्या खोलीत झोपते.”

“मग एक सिंगल न्या ना नवी. माझ्याकडून.”

“एवढी चांगली गादी असताना नवी कशाला?”

मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, “नियम गिऱ्हाइकांना असतात. मी घरची आहे.”

बारावी म्हणजे घरात परीक्षा एकटीची नसते, हे मलाही माहीत. मी खडूने रेघ मारली आणि कटर फिरवला. कटर चालू असताना वहिनी रस्त्याकडे बघत होत्या. दोन अर्ध्यांना दोन खोळी शिवायच्या, म्हणून कापड दाखवलं. आधी दोन्हीला एकच पसंत केलं. पैसे द्यायच्या वेळी म्हणाल्या, “नको. वेगवेगळी करा. धुताना कोणाची कुठली कळत नाही.”

रेवाची बारावी झाली. इंजिनिअरिंग झालं. लग्न होऊन ती पुण्याला गेली. तिच्या खोलीत आता उठवायला कोणी नव्हतं. तरी गादी परत जोडायला माझ्याकडे कोणी आलं नाही. येता-जाता मला ते दिसत होतं, पण मित्राच्या बेडरूमबद्दल विचारायचं कसं, त्याची रीत आपल्याकडे कोणी पाडलेलीच नाही.

*

या वर्षी उन्हाळ्यात वहिनी पुन्हा आल्या. रेवाला बाळ झालेलं.

“भाऊजी, माझी गादी पुण्याला न्यायचीय. नीट गुंडाळून, दोरी बांधून द्या.”

मी दोरी घेत घेत विचारलं, “किती दिवस आहात तिकडे?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच लहान आहे.

“गादी घेऊन कोणी किती दिवसांसाठी जातं का?”

*

त्याच आठवड्यातली गोष्ट. हरेश काही दिवस गायब होता. म्हणालो, बंदरावर असेल. एका संध्याकाळी आला आणि सोफ्यावर न बसता अवीच्या शेजारी तसाच कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

मी म्हटलं, “आता रखुमाईची जागा तू घेतलीस का?”

“गप रं,” तो म्हणाला. “मना पन तोच झाला.”

आणि मग, गिऱ्हाईक दोन बायका उशीचे अभ्रे बघत असताना, त्याने आपली सगळी हकिगत भर दुकानात सांगितली. टेम्पो चालवून चालवून खाली ठणका लागलेला. लघवीला जळजळ. बसलं की जसं काही लिंबावर बसलोय. त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी ओळखलं, दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्याला मूत्ररोगाच्या डॉक्टरकडे नेलं, आणि बाहेर थांबायला सांगितलं तर आत जाऊन बसली.

डॉक्टरने रोज कोमट पाण्यात बसायला सांगितलेलं. घरी एवढा मोठा टब एकच, मासळीचा. हरेश त्यात गरम पाणी घालून अंगणात बसला. बायको आली, बघितलं, आणि म्हणाली, “हलद-मीठ लावू, का असाच उकडू?”

अभ्रे बघणाऱ्या बायका अभ्रे टाकून हसत बाहेर गेल्या. मीही हसत होतो. अवी हसत नव्हता.

“डॉक्टर काय म्हणाला?” त्याने विचारलं.

“म्हनाला, जंतू नाय, कायी नाय. खालच्या शिरा आवललेल्या हायत, जालं गुतल्यासारख्या. सुटतील, पन टाइम लागंल. कॅन्सर नाय, आनि कोनाला लागत पन नाय.”

“लागत नाही म्हणजे?”

“म्हनजे कोनाला लागत नाय.”

“बायकोला?”

“तिला कशाला लागंल? तिला ती गाठच नाय देवानं दिलेली.”

अवीने माझ्या काउंटरची कड धरली. मी खुर्ची दिली, आणि कित्येक वर्षांनी तो माझ्या दुकानात बसला. दुखत असताना बसला.

*

मग त्याने सांगितलं. सांगताना शुद्ध मराठी अजून शुद्ध होत गेली.

दुखायला लागलं तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. थोडं बरं वाटलं, परत सुरू. परत अँटिबायोटिक. लघवीचा रिपोर्ट दर वेळी स्वच्छ. अवीला वाटलं, रिपोर्टमध्ये येत नाही म्हणजे रोग फार खोल आहे. स्टेशनबाहेर भिंतीवर जाहिराती असतात, लॉजच्या खोलीत आठवड्यातून एकदा बसणाऱ्या वैद्यांच्या. तोंडाला रुमाल बांधून हा तिथे गेला.

त्या माणसाने नाडी बघितली, डोळ्यांत बघितलं, आणि तरुणपणच्या चुका विचारल्या. अवीकडे सांगण्यासारखी एकही नव्हती. तो म्हणाला, नसतील तरी असतील. पुड्या दिल्या. निघताना म्हणाला, हा रोग बायकोला लागतो. तिला जपायचं असेल तर लांब राहा.

“मी जपलं,” अवी म्हणाला.

एवढंच.

मला राहून राहून एका गोष्टीचं नवल वाटतं. हा माणूस जन्मभर कोर्टात उलटतपासणी टाइप करत आला. साक्षीदार कुठे घसरतो, हे त्याला वकिलाच्या आधी कळायचं. आणि लॉजमधल्या त्या माणसाला त्याने एक प्रश्न विचारला नाही. लाज वाटत असली की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःहून चढतो.

“तिना सांगितलास?” हरेशने विचारलं. म्हणजे वहिनींना.

“काय सांगू? लांब झोपतो ते तुझ्यासाठी, असं?”

“हा. असाच.”

“आता ती चालली,” अवी म्हणाला. “दत्ताकडे गादी बांधायला टाकलीय.”

गादी आमच्या तिघांच्या समोरच होती. गुंडाळलेली, दोरीसकट, भिंतीला उभी.

*

ठाण्याला हरेशच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते, पण ऐकून घ्यायची सवय होती. आधी सगळ्या तपासण्या केल्या. जंतू नाहीत, खडा नाही, काळजी करण्यासारखी गाठ नाही, हे बघून घेतलं. मग अवीला विचारलं, काय काय उपाय केलेत?

अवीने पुड्या सांगितल्या, गोळ्या सांगितल्या, आणि म्हणाला, मोबाईलवर बघून व्यायामही करतो. खालचे स्नायू आवळायचा.

“कधी करता?”

“कोर्ट चालू असेपर्यंत.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“प्रधानसाहेब, मूठ आवळून दिवसभर बसलात तर हात दुखेल की नाही? तुमचं दुखणं आवळण्याचंच आहे. तुम्हाला सोडायला शिकायचंय.”

मग त्यांनी रीतसर सांगितलं. काही महिने गोळ्या, पण अँटिबायोटिक उगाच नाही. फिजिओथेरपी, ढिलं सोडायचे व्यायाम, पोटातून सावकाश श्वास. कोमट पाण्यात बसणं. एका जागी फार वेळ बसायचं नाही, मधे मधे उठून चालायचं. चहा कमी, तिखट सोसत नसेल तर तेही. लघवी फार वेळ दाबून ठेवायची नाही. “पूर्ण जाईल असं वचन देत नाही. कमी होईल, मधेच परत डोकं वर काढेल. काढलं की घाबरायचं नाही, हेच सगळं पुन्हा करायचं. टेन्शन घेतलंत तर ते आधी तिथेच जाऊन बसतं. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडकली, तर त्याच दिवशी या. फोनवर विचारत बसू नका.”

अवीने सगळं टिपून घेतलं, शॉर्टहँडमध्ये. सवय.

“आणि घरी?” त्याने विचारलं. “म्हणजे, एकत्र…”

“तुमच्या दुखण्याची त्याला काही आडकाठी नाही. कधीच नव्हती.”

अवीचं पेन थांबलं. डॉक्टरांना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी वाक्य परत म्हटलं. परत म्हणायला नको होतं.

*

परत आल्यावर अवी दुकानात थांबला. “ती भोकाची उशी दे.”

आता सवय वाईट असते. माझ्या तोंडातून गेलं, “कोणासाठी?”

“माझ्यासाठी.”

मी टेप खाली ठेवला. दुकानात बसायला लागल्यापासून ते उत्तर मी पहिल्यांदा ऐकत होतो. कागद काढला तर म्हणाला, गुंडाळू नकोस. तशीच काखेत मारून भर पारनाक्यातून निघाला. वळणावर हेडमास्तर भेटले. मी पायरीवरून बघत होतो.

“कोणासाठी नेतोयस रे अविनाश?”

“माझ्यासाठी सर.”

सरांनी इकडे-तिकडे बघितलं. उशी हाताने दाबून बघितली. म्हणाले, “ही जरा मऊ दिसतेय. शय्यादानातली कडक निघाली.”

*

वहिनींना अवीने त्याच संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी हरेशने त्याला दारातच गाठलं.

“काय म्हनाली?”

“आधी कुकर लावला. शिट्ट्या होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, मला वाटत होतं मी तुला नकोशी झाले. एवढी वर्षं मी आरशात काय शोधत होते, सांग.”

“तू काय म्हनालास?”

“गॅस बंद केला.”

हरेशला वाटलं, आता पुणं रद्द. तो गादीची दोरी सोडायलाच निघाला होता. मी त्याचा हात धरला. दोन दिवसांनी ठरलेल्या गाडीने वहिनी गेल्या. गादी मीच टपावर चढवली. अवी फाटकापाशी उभा, हात कमरेवर.

“थांबवलास का नाय?” हरेश चिडून म्हणाला.

“कोणत्या तोंडाने?” अवी म्हणाला.

त्यानंतर हरेशने त्याला विठोबा म्हटलं नाही. अवीच एकदा म्हणाला, “अरे म्हण ना. निदान कोणीतरी काहीतरी म्हणा.”

*

पावसाळाभर अवीने डॉक्टरांचं सगळं केलं. सकाळी काळा तलावाला फेऱ्या, संध्याकाळी टब, कोर्टात साहेबांना सांगून मधे मधे उठायची परवानगी. साहेबांनी कारण विचारलं नाही, फक्त डॉक्टरचा नंबर मागितला. दुखणं कमी झालं. गणपतीत परत आलं, चार दिवस मुक्काम करून गेलं. अवी घाबरला नाही.

रोज सहाच्या सुमाराला त्याचा फोन वाजायचा. पुण्याहून. तो सोफ्यावरच, उशीवर बसून बोलायचा.

“आज बरं आहे… नाही, डावीकडे थोडं… हो, चहा एकच… दत्ता बघतोय, त्याला विचार.”

एवढंच बोलणं. त्या घरात इतक्या वर्षांत एवढंसुद्धा झालं नव्हतं. हरेश अशा वेळी उठून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा, आणि तिथून मेडिकलवाल्याशी विनाकारण मोठ्याने बोलायचा.

*

आता शेवटचा किस्सा.

दिवाळीच्या तोंडावर, धंद्याच्या ऐन गर्दीत, दुकानापुढे एक टेम्पो थांबला. आधी वहिनी उतरल्या. मग त्यांची गादी उतरली, पुण्याची धूळ घेऊन. मागोमाग अवी, दुसरा अर्धा डोक्यावर घेऊन घरून चालत आलेला. दोन वेगळ्या रंगाच्या खोळी. एकीचा रंग पार उडालेला.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “या जोडून द्या.”

मी दोन्ही अर्धे मोठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. खोळी काढल्या. फोम अजून चांगला होता. पण मी धंदेवाला माणूस, खोटं बोलून माल देत नाही.

“वहिनी, खरं सांगतो. नवी न्या, माझ्याकडून, लग्नातल्यासारखी. कापलेला फोम सोल्युशनने चिकटतो, सुटत नाही, पण जोड कडक होतो. दगडासारखी रेघ राहते. बरोबर मधोमध येईल. टोचेल.”

“नवी नको. हीच हवी.”

“मग रेघ राहणार.”

त्यांनी टेबलावरचा टेप उचलला, आधी लांबी मोजली, मग रुंदी. परत एकदा मोजली. अवी कमरेवर हात ठेवून बघत होता.

“दोन्हीकडून सहाच आहे ना, भाऊजी?”

“हो, सहा बाय सहा.”

“मग ही पलंगावर फिरवून टाकता येईल. आडवी.”

मला कळायला एक क्षण लागला. चौरस गादी पाव फेरा फिरवली की उभा जोड आडवा होतो.

“येईल,” मी म्हटलं. “पण मग रेघ कमरेखाली येईल. दोघांच्याही.”

वहिनींनी टेप गुंडाळून माझ्या हातात दिला.

“कमरेला टोचू दे,” त्या म्हणाल्या. “मधे नको.”